दुसऱ्याच्या मरणाने आपले पाप फिटत नाही

एखाद्या सज्जन माणसाचा खून झाला की दोन दिवसांत श्रद्धांजलीची सभा होते आणि त्या सभेत एक वाक्य हमखास कानावर पडते: त्यांचे बलिदान वाया जाणार नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरे येते, त्यांच्या रक्ताने समाजाचे डोळे उघडले. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. एवढा मोठा आघात निरर्थक आहे हे मनाला सोसत नाही, म्हणून त्यात काहीतरी अर्थ शोधला जातो. पण या बोलण्याच्या तळाशी एक फार जुनी समजूत आहे. पुण्यवान माणूस मेला की त्याच्या मरणाने इतरांची पापे धुतली जातात, ही ती समजूत. अनेक धर्मांत ती कमीअधिक प्रमाणात आढळते. पण ज्यू परंपरेत तिच्यावर जितका बारकाईने विचार झाला तितका फार थोड्या ठिकाणी झाला असेल. त्या परंपरेत ही कल्पना स्पष्ट शब्दांत मांडलेली आहे आणि तिला घातलेली कुंपणेही तिथेच आहेत. ती कुंपणे पाहिली की माझे मत पक्के होते: नीतिमान माणसाचे मरण इतरांचे पाप फेडू शकत नाही, आणि ते फेडते असे मानणे मेलेल्यावर अन्याय करणारे आणि जिवंतांना सोकावणारे आहे.

तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या मोएद कातान या भागात एक प्रश्न येतो. बायबलमधल्या गणना या ग्रंथाच्या १९व्या अध्यायात तांबड्या कालवडीचा विधी सांगितला आहे आणि लगेच २०व्या अध्यायाच्या आरंभी मोशेची बहीण मिर्याम हिच्या मृत्यूची नोंद आहे. या दोन गोष्टी शेजारी शेजारी का? उत्तर असे दिले आहे की कालवड जसे प्रायश्चित्त घडवते तसे नीतिमानांचे मरणही घडवते. मरणाने पाप फिटते असे म्हणणारे याच वचनाकडे बोट दाखवतात. पण ज्या विधीशी तुलना केली तो विधी काय आहे, हे वाचायला हवे. जिच्या मानेवर कधी जू ठेवलेले नाही अशी निर्दोष तांबडी कालवड छावणीबाहेर मारायची, जाळायची आणि तिची राख राखून ठेवायची. ज्याचा प्रेताला स्पर्श झाला असेल त्याच्यावर ती राख वाहत्या पाण्यात कालवून तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शिंपडायची, मग तो शुद्ध होतो. जो शिंपडून घेत नाही तो अशुद्धच राहतो आणि त्याला समुदायातून तोडावे, असे तोच अध्याय दोनदा बजावतो. म्हणजे कालवड मेली म्हणून कोणी आपोआप शुद्ध होत नाही. राख तयार असते, पण माणसाने स्वतः यावे लागते, तेही दोन वेळा. तुलना खरी मानायची तर ती एवढेच सांगते की चांगल्या माणसाच्या मरणाने शुद्ध होण्याची संधी मिळते. ती साधणे न साधणे ज्याचे त्याच्यावर.

याहून बोलके उदाहरण प्रमुख याजकाच्या मृत्यूचे आहे. ज्याच्या हातून चुकून माणूस मारला गेला, कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून शेजाऱ्याला लागले, अशा माणसासाठी सहा नगरे नेमलेली होती. मराठी बायबल त्यांना शरणपुरे म्हणते. नाशिकच्या शरणपूरचे नावही याच कल्पनेतून आले. मेलेल्याच्या नातेवाइकाला सूड घेण्याचा हक्क होता आणि त्याच्यापासून वाचायचे तर या नगरात राहायचे, वेशीबाहेर पाऊल टाकायचे नाही. किती दिवस? तर त्या वेळचा प्रमुख याजक मरेपर्यंत. तो मेला की सगळे आश्रित मोकळे, आपापल्या घरी. तालमूदमध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की इथे प्रायश्चित्त घडते ते परागंदा होण्याने नव्हे, याजकाच्या मरणाने. नीतिमानाच्या मरणाने दुसऱ्याचा दोष सुटतो याचे इतके सरळ उदाहरण दुसरे नाही. पण तालमूदचा मूळ गाभा असलेल्या मिश्नाने त्याच ठिकाणी एक गोष्ट नोंदवली आहे. प्रमुख याजकांच्या आया या शरणपुरांतल्या माणसांना अन्न आणि वस्त्रे पुरवत. का? तर त्या माणसांनी आपल्या मुलाच्या मरणासाठी देवाकडे प्रार्थना करू नये म्हणून.

त्या आयांना जे कळले ते पुष्कळ पंडितांच्या नजरेतून निसटले आहे. एखाद्याच्या मरणात दुसऱ्याची सुटका दडलेली असेल, तर ते मरण कधी येते याची वाट पाहिली जाणार. वाट पाहणारी माणसे दुष्ट नव्हती. मुद्दाम कोणाला मारणारी तर नव्हतीच. दुर्दैवाने सापडलेली, घरदार सोडून राहणारी, मुलाबाळांना भेटायला आसुसलेली साधी माणसे होती. तरीही याजक जगणे आणि आपण घरी जाणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या की त्यांच्या मनात काय येईल, हे त्या आयांनी ओळखले आणि दारोदार अन्न पोचवले. ज्या समाजात सज्जनाच्या मरणाने सर्वांची पापे फिटतात अशी श्रद्धा आहे, तो समाज आपल्या सज्जनाचे रक्षण जिवाच्या आकांताने करील का? त्याला मरू देण्यात त्याचा नकळत फायदाच असेल. आणि या सवलतीला मर्यादाही होती. ती फक्त अजाणता झालेल्या हत्येला होती. जाणूनबुजून खून करणाऱ्याकडून कोणतीही खंडणी घेऊ नये, आणि ज्या भूमीवर रक्त सांडले तिचे प्रायश्चित्त ते सांडणाऱ्याच्याच रक्ताने होते, असे गणनाच्या शरणपुरांविषयीच्याच अध्यायात ठामपणे सांगितले आहे. याजक कितीही थोर असो, त्याच्या मरणाने खुनी सुटत नव्हता. देहदंडाच्या बाजूचा मी नाही. पण बदली कोणी चालणार नाही, हा त्यामागचा आग्रह मला पटतो.

बायबलमधल्या अनुवाद या ग्रंथाच्या २१व्या अध्यायातला विधी तर आजच्या महाराष्ट्राने लक्ष देऊन वाचावा असा आहे. रानात कोणाचे प्रेत सापडले आणि मारणारा कोण ते कळले नाही, तर वडीलधाऱ्यांनी आणि न्यायाधीशांनी येऊन तिथून भोवतालच्या गावांपर्यंतचे अंतर मोजायचे. जे गाव सर्वांत जवळचे त्याच्या वडीलधाऱ्यांनी कधीही कामाला न जुंपलेली कालवड न नांगरलेल्या खोऱ्यात न्यायची, तिथे तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि हे रक्त आम्ही सांडले नाही असे जाहीर करायचे. मिश्ना विचारते, गावातले वृद्ध खुनी आहेत असे आपल्या मनात तरी येईल का? मग त्यांना हे बोलायला का लावायचे? कारण त्यांना सांगायचे असते की हा माणूस आमच्याकडे आला असता आम्ही त्याला उपाशी परत पाठवले नाही, एकटा वाटेला लावले नाही. बेवारस खुनाची जबाबदारी नुसती मारणाऱ्याची नाही, ज्यांनी त्या माणसाला सोबत दिली नाही त्यांचीही आहे. आणि पुढचे दोन नियम फार महत्त्वाचे. विधी उरकल्यावर खुनी सापडला तर त्याची शिक्षा टळत नाही. कालवडीच्या मरणाने त्याचे काहीही फिटलेले नसते. दुसरा, खुनी बोकाळले तेव्हा हा विधीच बंद करण्यात आला. हत्या नेहमीच्या झाल्या की शोकविधीला अर्थ उरत नाही, हे त्या धर्मशास्त्र्यांना कळले आणि त्यांनी तो गुंडाळून ठेवला.

यहेज्केल संदेष्ट्याने हाच विचार शेवटापर्यंत नेला. बापाचे पाप मुलाने भोगायचे नाही, मुलाचे बापाने नाही. जो पाप करील तोच त्याला जबाबदार. नोहा, दानिएल आणि ईयोब हे तिघे एखाद्या पापी देशात असले तरी आपल्या नीतिमत्तेने ते फक्त स्वतःचा जीव वाचवतील, असेही तो बजावतो. इस्राएल लोकांनी सोन्याच्या वासराची पूजा केल्यावर मोशेने देवाला विनवले होते की यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझे नाव पुसून टाक. देवाने ही अदलाबदल नाकारली. ज्याने पाप केले त्याचेच नाव पुसले जाईल, असे उत्तर मिळाले. मराठी माणसाला हे परके वाटू नये. वाल्या कोळी बायकोमुलांना विचारतो की माझ्या पापात तुम्ही वाटेकरी होणार का, आणि ती साफ नाही म्हणतात, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या नकारानेच वाल्याचा वाल्मीकी झाला. कोणी हो म्हटले असते तर तो वाटमाऱ्याच राहिला असता.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या ५३व्या अध्यायाचा. तिथे एक दुःखी सेवक आहे, तो इतरांच्या अपराधांसाठी घायाळ होतो, आणि त्याच्या जखमांनी इतरांना आरोग्य मिळते. ख्रिस्ती धर्माने हा सेवक म्हणजे येशू असे मानले. अकराव्या शतकातला ज्यू भाष्यकार राशी याने तो सेवक म्हणजे राष्ट्रांच्या हातून छळ सोसणारा इस्राएल असा अर्थ लावला. सेवक कोण या वादात मी पडत नाही. मला लक्षात आणून द्यायचे आहे ते एवढेच की त्या अध्यायात बोलणारे कोण आहेत. सेवक बोलतच नाही, तो मुका आहे. बोलतात ती त्याला तुच्छ मानणारी, त्याच्यापासून तोंड फिरवणारी माणसे, आणि ती आता कबूल करत आहेत की आम्ही त्याला देवाने शासन केलेला समजलो, पण चूक आमची होती, आम्हीच मेंढरांसारखे भरकटलो होतो. सेवकाचे दुःख तिथे कबुलीपर्यंत पोचवते. कबुली काढून टाका, म्हणजे उरतो तो फक्त मारला गेलेला माणूस आणि त्याचे मारेकरी.

ख्रिस्ती श्रद्धेबद्दल जपून लिहायला हवे, कारण वसईपासून अहिल्यानगरपर्यंत आणि गोव्यात लाखो माणसे तिच्या आधाराने जगतात. कँटरबरीच्या अँसेल्मने १०९८च्या सुमाराला मांडणी केली की माणसाचे ऋण माणसाला फेडता येण्यासारखे नव्हते, म्हणून देवानेच माणूस होऊन ते फेडले. ही श्रद्धा मान्य करणाऱ्यालाही एक गोष्ट मान्य करावी लागते: ते मरण एकमेव आहे. नव्या करारातले इब्री लोकांस पत्र हे बलिदान एकदाच आणि कायमचे झाले असे पुन्हा पुन्हा सांगते. म्हणजे त्या श्रद्धेच्या बळावरही आजच्या कोणा सज्जनाच्या खुनाला समाजाच्या पापाचा भरणा म्हणता येत नाही. शिवाय त्या परंपरेतूनच कडक आवाज उठले आहेत. तत्त्वज्ञ कांटने १७९३ मध्ये लिहिले की नैतिक दोष हा पैशाच्या कर्जासारखा नसतो, तो दुसऱ्याने भरून चालत नाही. जर्मन पाद्री डीट्रिख बॉनहॉफर याने १९३७ मध्ये पश्चात्तापाशिवाय मिळणाऱ्या क्षमेला स्वस्त कृपा म्हटले. नाझींनी त्याला ९ एप्रिल १९४५ रोजी फासावर दिले. त्याच्या मरणाने जर्मनीचे पाप फिटले असे कोणी म्हणाला तर त्याने आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध लिहिले, नेमके तेच त्याच्या माथी मारल्यासारखे होईल.

या समजुतीची खरी कसोटी त्याच काळात लागली. इग्नाझ मायबाम हे नाझींच्या तावडीतून निसटून लंडनला आलेले रब्बी. १९६५ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहून असे मांडले की नाझींच्या संहारात साठ लाख ज्यू निर्दोष असून मेले ते इतरांच्या पापांसाठी. मानवजात पुढे जावी म्हणून ते यज्ञबळी ठरले. स्वतः होरपळलेल्या माणसाने अर्थ शोधण्यासाठी केलेली ही धडपड होती, म्हणून तिच्याबद्दल कठोर बोलायला जीभ रेटत नाही. तरीही ज्यू विचारवंतांनी बहुतांशी ती नाकारली आणि नाकारणे योग्यच होते. त्या साठ लाखांत दहा लाखांहून अधिक मुले होती. त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांच्या मरणाला प्रायश्चित्त म्हटले की वायुकक्ष बांधणारे एका पवित्र योजनेचे हस्तक ठरतात. तालमूदमध्ये एके ठिकाणी म्हटले आहे की पिढीच्या पापासाठी नीतिमान उचलले जातात, आणि नीतिमान नसतील तर पाठशाळेतली मुले उचलली जातात. हे वचन शोकातून निघालेले असणार, पण ते हिशेब म्हणून वाचले की अंगावर काटा येतो. कारण या हिशेबाला शेवट नाही, मोठे संपले की लहानांची पाळी. आपल्याकडे १९३४च्या जानेवारीत बिहारचा भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी ती अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले. रवींद्रनाथांनी जाहीरपणे हरकत घेतली. भूकंपात गाडले गेलेल्यांत अस्पृश्य मानली गेलेली गोरगरीब माणसेही होती; त्यांच्या मरणाने कोणाच्या पापाचा कोणता हिशेब चुकता झाला? या वादात मी निःसंशय रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे, आणि अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात गांधीजी मनापासून उतरले होते हे मान्य करूनही आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. धर्मशास्त्र राहू द्या, तो म्हणेल, प्रत्यक्षात सज्जनाच्या मरणाने समाज बदलतो की नाही? महाराष्ट्राकडे याचे ताजे उदाहरण आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यातल्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडण्यात आल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खेटे घातले, ज्याचे मसुदे पुन्हा पुन्हा बदलले गेले आणि अधिवेशनामागून अधिवेशने गेली, त्याचा अध्यादेश काढण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी घेतला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. मग त्यांच्या मरणाने हे घडले असे नाही का म्हणता येणार? घडले, पण त्यातून काय सिद्ध होते ते नीट पाहू. २१ ऑगस्टला जे मंत्री अध्यादेशाला होकार देऊ शकले, तेच मंत्री १९ ऑगस्टलाही देऊ शकत होते. अधिकार तोच, मसुदा तयार, गरज तीच. उणीव होती ती इच्छेची, दाभोलकरांच्या प्राणांची नव्हे. त्यांच्या मरणाने पाप फेडले नाही, पाप किती दिवस चालू होते हे उघडे केले. ज्या कायद्याच्या नावातच नरबळीचा उल्लेख आहे, तो कायदा एका माणसाचा जीव गेल्याशिवाय पुढे सरकला नाही, हे आपल्या राज्याच्या इतिहासात लिहिलेले राहणार आहे. आणि रक्ताने समाज शुद्ध होत असता तर पुढचे घडले नसते. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे, त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी, ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरूत गौरी लंकेश. दाभोलकरांच्या खुनाचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडले. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आपलासा वाटतो. मार्कंडेय पुराणात राजा विपश्चित याची कथा आहे. थोड्या वेळासाठी नरकातून जाताना त्याच्या अंगावरून आलेल्या वाऱ्याने तिथल्या पापी जीवांच्या यातना थांबतात. हे कळल्यावर तो पुढे जायला नकार देतो, आणि शेवटी आपले पुण्य त्यांना देऊन त्यांची सुटका करवतो. मग एकाचे पुण्य दुसऱ्याला लागत नाही असे कसे म्हणावे? कथा सुंदर आहे आणि करुणेची इतकी उंच कल्पना क्वचित सापडते. पण राजाने दिले ते जगून मिळवलेले पुण्य, आणि दिले ते स्वतःच्या इच्छेने. त्याला कोणी मारले नाही, आणि मारून त्याचे पुण्य कोणी वाटून घेतले नाही. शिवाय त्या जीवांनी आपली शिक्षा भोगायला सुरुवात केलेली होती. शिक्षाच टाळणाऱ्यांसाठी ही कथा नाही.

मग सज्जनाच्या मरणाला काहीच अर्थ नाही का? ज्यू परंपरेत यावर आणखी एक उत्तर आहे आणि मला ते मोएद कातानच्या वचनापेक्षा खरे वाटते. जेरुसलेम पडल्यावर बाबिलोनच्या राजाने गदल्या नावाच्या भल्या माणसाला यहूदाचा सुभेदार नेमले. काही जण तुझ्या जिवावर उठले आहेत असे योहानान नावाच्या माणसाने त्याला आधीच सांगितले होते, पण त्याचा विश्वास बसला नाही. मिस्पा गावी जेवणाच्या पंगतीतच त्याचा खून झाला आणि उरलेसुरले लोकही मिसरात पांगले. त्या दिवसाचा उपवास ज्यू आजही नववर्षाच्या सणानंतर लगेच पाळतात. या उपवासाबद्दल तालमूद म्हणते की नीतिमानाचा मृत्यू हा मंदिर जळण्यासमान आहे. मंदिर म्हणजे ज्या ठिकाणी प्रायश्चित्त होत असे ती जागा. सज्जन मारला गेला म्हणजे प्रायश्चित्ताचे ठिकाणच जळाले. भरणा नव्हे, भरून न येणारे नुकसान.

त्या उपवासानंतर आठवड्याने योम किप्पूर येतो, कोकणातले बेने इस्राएल ज्याला दारफाळणीचा सण म्हणत. या दिवसाबद्दल मिश्नाचा नियम आहे की देवाविरुद्धची पापे या दिवशी फिटतात, पण माणसाविरुद्ध केलेले पाप त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय फिटत नाही. आणि तो माणूस मेला असेल तर? मग अपराध्याने दहा माणसे बरोबर घेऊन त्याच्या कबरीवर जायचे आणि सर्वांच्या देखत सांगायचे की मी देवाचा आणि या माणसाचा अपराधी आहे.

गांधीजींच्या स्मृतिदिनी ३० जानेवारीला आणि दाभोलकरांच्या स्मृतिदिनी २० ऑगस्टला आपल्याकडे गावोगाव सभा होतात. त्या व्हायला हव्यात. पण तिथे बोलणाऱ्यांना विनंती आहे: त्यांच्या रक्ताने काय धुतले गेले हे सांगू नका. खटला कोणत्या न्यायालयात अडला आहे ते सांगा. धमक्या येत असताना संरक्षण कोणी दिले नाही ते सांगा. त्यांची कोणती मागणी कोणाच्या टेबलावर पडून आहे ते सांगा, आणि आज ज्यांना तशाच धमक्या येत आहेत त्यांची नावे त्यांच्या हयातीतच मोठ्याने घ्या.